मधुकाका, डिस्क घेतली

मधुकाका, तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि तुमच्या मागच्या खोलीतला सर्व्हर अजून चालू आहे. शैलाकाकू सकाळी तुमच्या फोटोला फूल वाहतात, मग त्या खोलीच्या दारात उभं राहून पंख्याचा आवाज येतो का ते ऐकतात. त्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं त्या सगळ्यांना सांगतात. पण परवा त्यांचाच फोन आला. "अगं, ते आज कटकट करतंय. ह्यांच्या वेळी असं नव्हतं करत."

करत होतं. तुम्हीच मला ऐकवलं होतं. मोठा स्क्रूड्रायव्हर डिस्कवर टेकवायचा, त्याची मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कारखान्यात तीस वर्षं तुम्ही बेअरिंगचे आवाज असेच ऐकलेत, आणि निवृत्तीनंतर तीच सवय एवढ्याशा हार्ड डिस्कवर आणलीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी ते दाबलं, आणि तुम्ही डोळे मिटलेले असूनही म्हणालात, "हस की. आमच्या शॉपमध्ये पण नवीन पोरं हसायची. पहिलं बेअरिंग जाईपर्यंत."

मी तुमच्या शेजारी राहते, भोपाळच्या बाग सेवनियात, तीन घरं सोडून. एका कंपनीसाठी घरूनच वेबसाइटचं काम करते, आणि दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून ते काम मला आवडतं. तुम्हाला हे पहिल्या दिवशीच कळलं असावं. तुम्ही मला कधी "बोल ना गं" म्हणाला नाहीत. पहिल्यांदा घरी आलात तेच प्रश्न घेऊन. आपल्या मराठी मंडळाची वेबसाइट घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून चालवता येईल का, आणि त्यात कुठली डिस्क घालावी.

वेबसाइट साधीच. मंडळाच्या कार्यक्रमांची माहिती, जुने फोटो, आणि तुमचा खरा जीव ज्यात होता त्या मुलाखती: भोपाळच्या म्हाताऱ्या मराठी माणसांना गाठून एकच प्रश्न विचारायचा, "तुम्ही इथे कसे आलात?" कुणी कारखान्याच्या नोकरीसाठी आलेलं, कुणी राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा सरकारी ऑफिसाबरोबर. त्यांचे आवाज त्या डिस्कवर राहायचे.

तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाला मी म्हणाले होते, "लहान साइट आहे काका. कुठलीही चालेल."

एवढ्या निष्काळजीपणे मी माझ्या कंपनीत कुणाला उत्तर दिलं नसतं.

तुम्ही हबीबगंजच्या दुकानात गेलात आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या डब्यात बसवतात ती डिस्क घेऊन आलात. दुकानदाराने सांगितलं होतं, "अंकल, ये चौबीसों घंटे चलती है, थकती नहीं." तुम्हाला ते पटलं. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रांवरच तुमचं आयुष्य गेलेलं. ती डिस्क आठ महिने नीट चालली. नंतर मे महिन्यात एका दुपारी बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. तुम्ही वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवमीला, सगळ्याची प्रत काढून ठेवायचात. आधीच्या नवमीनंतरच्या पाच मुलाखती गेल्या. रेकॉर्डरमधलं कार्ड तुमच्या शिस्तीप्रमाणे पुसून पुन्हा वापरलेलं होतं.

मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "कॅमेऱ्याची डिस्क सर्व्हरला लावल्यावर दुसरं काय होणार?" खाली हसरे चेहरे आले. तुम्ही फक्त लिहिलंत, "बरोबर आहे. निवड माझी होती."

नंतरचं दीड वर्ष तुम्ही डिस्कांचा अभ्यास केलात. निळ्या पुठ्ठ्याची वही घातलीत. सर्व्हरमध्ये घरातली एक जुनी डिस्क "तात्पुरती" म्हणून बसवलीत आणि रविवारी अकरा वाजता माझ्याशी वाद घालायला सुरुवात केलीत.

मी एसएसडीच्या बाजूने. आत काही फिरत नाही, उष्णता कमी, वेग कितीतरी जास्त. मी सांगायचे की वेबसाइटला शंभर ठिकाणचे लहान लहान तुकडे एकदम लागतात, फिरत्या डिस्कचा काटा तेवढी धावपळ करू शकत नाही.

"कुणासाठी धावायचंय?" तुम्ही विचारायचात. "आपल्या साइटवर दिवसाला पंधरा माणसं येतात. त्यात चार वेळा मीच."

मग वही उघडायची. स्वस्त एसएसडीत एकेका कप्प्यात चार-चार बिट कोंबतात हे तुम्ही वाचलं होतंत. "एका खोलीत चार बिऱ्हाडं. एकाने भांडं हलवलं की बाकीच्यांची झोप गेली. किती दिवस टिकणार असा संसार?" वीज गेली तर काय, हे तुम्ही विचारलंत आणि मला मान्य करावं लागलं की आत वीज साठवणारे कपॅसिटर नसतील तर लिहिता लिहिता अर्धवट राहू शकतं. कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवली तर एसएसडी हळूहळू विसरते, हेही तुम्हीच शोधून काढलंत. पण तुमचा मुख्य मुद्दा यातला कुठलाच नव्हता.

"ती बोलत नाही गं," तुम्ही म्हणायचात. "फिरती डिस्क आधी कुरकुरते. ही चांगली असते, चांगली असते, आणि एक दिवस नसते. न बोलणाऱ्या यंत्राची देखभाल कशी करायची?"

यावर मी गप्प बसायचे. तुम्हाला वाटायचं, मुद्दा जिंकलात.

गेल्या महिन्यात, तुम्ही गेलात त्या गुरुवारी सकाळी, तुमचा मेसेज आला होता: "एसएसडीबद्दल तुझं अर्धं पटलं. उरलेलं रविवारी." कुठलं अर्धं ते मला कळलं नाही. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मला तेवढंच सुचतं.

आता मंडळाच्या सचिवांचं म्हणणं आहे की सर्व्हर बंद करावा आणि सगळं एखाद्या मोठ्या कंपनीच्या साइटवर टाकून मोकळं व्हावं. ते चुकीचं बोलत नाहीत. काकूंनी निर्णय माझ्यावर सोडलाय. "त्यांचं तुझ्याशीच जमायचं त्या बाबतीत. ठेवायचं तर ठेव, नाहीतर बंद कर. पण कटकट ऐकत बसायला लावू नकोस."

म्हणून मी तुमची वही घेऊन बसले. पहिल्या पानावर पहिली ओळ अशी आहे: "सीसीटीव्हीची डिस्क गेली. कारण: चुकीची निवड (माझी)." नव्वद पानं त्या ओळीवर उभी आहेत. कुठली डिस्क किती वर्षं चालते, कशासाठी बनवलेली असते, कशासाठी नसते. आणि ती पहिली ओळ खरी आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. ते तुम्हाला कळू शकलं नाही त्याचं कारण मी आहे.

तुमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असायची. पाटावर नट-बोल्टचे पाने, व्हर्नियर, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं यंत्र, सगळं पुसून ओळीने मांडलेलं. कॅमेऱ्याची डिस्क घेतलीत त्या वर्षी तुम्ही सर्व्हर बंद केलात, प्रत काढलीत, आणि सगळ्यांच्या बरोबरीने डिस्कही काढून पाटावर ठेवलीत. मला म्हणालात, "हिला कुंकू तू लाव. तुझ्या खात्यातलं अवजार आहे."

मी ओल्या कुंकवात बोट बुडवलं. डिस्कवर एक बारीक भोक होतं आणि भोकाभोवती छापलेलं छोटं वर्तुळ. माझ्या डोळ्यांना ती कुंकवासाठीच ठेवलेली जागा वाटली. मी बोट बरोबर तिथे टेकवलं, चांगलं दाबून. बोट उचलल्यावर त्याखालची बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. हे भोक झाकू नये, असं लिहिलेलं होतं. डिस्क त्यातून श्वास घेते, आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहतो.

तिथे उभ्या असलेल्या तिघांत मराठी सगळ्यात अडखळत वाचणारी मी, आणि ते इंग्रजी झर्रकन वाचलेली एकटीही मीच.

काकू नैवेद्याचं ताट घेऊन उभ्या होत्या. तुम्ही हात जोडून डोळे मिटले होते. मी ठरवलं, पूजा झाली की पुसून टाकू. पूजा झाली, तुम्ही मला पुरणाची वाटी दिलीत आणि मी खात असताना स्वतःच डिस्क आत बसवून झाकणाचे स्क्रू आवळलेत. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, चालतंय ना नीट. आठवड्याने सांगितलं असतं तर आठवडाभर का गप्प होतीस, हा प्रश्न आला असता.

मे महिन्यात ती गेली तेव्हा तुम्ही कारखान्यातल्या पद्धतीने चौकशी केलीत. शेवटचा हात कुणाचा लागला, हा तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही विचारलंत, "नवमीनंतर डिस्कला कुणी हात लावला होता का?"

मी म्हणाले, "नाही."

ते खरं होतं, काका. नवमीनंतर कुणीच लावला नव्हता. इतक्या नेमकेपणाने मी कधीच खोटं बोलले नव्हते.

कदाचित कुंकवाने काहीच झालं नसेल. मी नंतर पुष्कळ वाचलं. त्या भोकाखाली गाळणी असते, आणि मेमधली त्या खोलीतली उष्णता कुठल्याही डिस्कला पुरेशी होती. विजेचे झटके होते. कॅमेऱ्याची डिस्क असल्यामुळे ती गेली, हे मात्र मला कधीच पटलं नाही. ती डिस्क तशी काही वाईट निवड नव्हती. हे सांगायला गेले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशाने गेली? म्हणून मी एसएसडीच्या वेगाबद्दल बोलत राहिले. नंतरच्या दोन्ही नवम्यांना काही ना काही कारण काढून तुमच्याकडे आले नाही.

या गेल्या सोमवारी मी काकूंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मी ह्यांना म्हटलं होतं, ते यंत्र पाटावर ठेवू नका म्हणून." मग काड्या बाजूला करत, "आणि मला कशाला सांगतेस? माझं काय गेलं त्यात? किशोरला सांग. त्याच्या वडिलांचा आवाज होता त्यात."

वहीतल्या पहिल्या ओळीखाली मी लिहिलं: "कारण माहीत नाही. नवमीला भोकावर कुंकू लावलं गेलं होतं. लावणारी मी." खाली सही केली. आणि मग, काका, मी डिस्क निवडल्या. तुमचं अर्धं पटणं कुठलं होतं ते आता कळणार नाही, तेव्हा मी माझ्या अंदाजाने केलंय. सर्व्हरची रोजची धावपळ एका लहान एसएसडीवर. वीज गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करणारी, आणि एका कप्प्यात चार बिऱ्हाडं नसलेली. मुलाखती मात्र फिरत्या डिस्कवर. चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या दोन, आणि प्रत्येक फाइल दोन्हींवर. तिसरी माझ्या घरी कपाटात, दर महिन्याला प्रत काढायची, नवमीची वाट बघायची नाही.

त्या दोन डिस्का मी दोन दुकानांतून घेतल्या. तुम्ही म्हणायचात, एका खोक्यातली दोन बेअरिंगं एकाच शाफ्टला लावू नयेत, एकत्र बनलेली एकत्र जातात. दुसरा दुकानदार वैतागला. "मैडम, जोड़ी तो मैं ही दे देता. एक यहाँ से, एक वहाँ से, ये क्या हिसाब हुआ?" मी एरवी अशा वेळी मान हलवून बाहेर पडते. त्याला मी दोन मिनिटं समजावून सांगितलं. त्याला पटलं नाही. पण मी सांगितलं.

मग मी शहरातल्याच कोटरा सुल्तानाबादला गेले, किशोरभैयांकडे.

ते हिवरकर आजोबांचे चिरंजीव. त्या पाच मुलाखतींतली एक आजोबांची होती. जानेवारीत आपण ती घेतली, मार्चमध्ये आजोबा गेले. जूनमध्ये भैयांची बहीण नागपूरहून आली, तिला वडिलांचा आवाज ऐकायचा होता, म्हणून भैया तुमच्याकडे आले. त्यांच्यासमोर तुम्ही हात जोडलेत. वयाने पंधरा वर्षं मोठे असून. "माझी निवड चुकली, किशोर." भैया "अरे, असू दे ना काका" म्हणत लगेच निघून गेले, चहासुद्धा न घेता. मी खुर्चीत बसून लॅपटॉपमध्ये बघत होते.

भैयांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसले असते तर जमलं नसतं. कुंकू, भोक, तुमचा प्रश्न, माझं उत्तर.

भैयांनी काऊंटरवरची पेनं एकेक करून सरळ केली.

"डेढ साल झालं ना?" ते म्हणाले. "आणि म्हणून तू मला बाजारात बघून रस्ता बदलत होतीस?"

"हो."

"मी बायकोला म्हणत होतो, इंग्लिश मीडियमची पोरगी आहे, दुकानदाराला ओळख कशाला दाखवेल." ते हसले नाहीत, पण आवाजात तेवढा राग नव्हता. थोडा होता. "काकांनी माझ्यासमोर हात जोडले होते. ते मला अजून बरं वाटत नाही."

"मलाही नाही."

"त्यांना सांगितलं असतं तर काय केलं असतं त्यांनी?"

मला उत्तर माहीत होतं. तुम्ही वही काढली असती आणि विचारलं असतं, कुंकू किती ओलं होतं. हे मी भैयांना सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही जरा हसलो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवीस दिवसांत पहिल्यांदा.

भैयांनी स्टूल पुढे केलं. "बैठ. एक बता. तू होतीस ना तिथे, बाबा बोलले तेव्हा? काय बोलले ते?"

हा प्रश्न मला दीड वर्षात कुणी विचारला नव्हता. तुम्ही त्या दिवशी कानाला हेडफोन लावून फ्रिजच्या घरघरीशी झगडत होतात. शब्द नंतर निवांत ऐकू, म्हणाला होतात. आजोबा माझ्याकडेच बघून बोलत होते, माइक माझ्या हातात होता. म्हणजे त्या दिवशी त्यांचे शब्द ऐकलेली मी एकटीच, आणि माझं गप्प राहणं फक्त कुंकवापुरतं नव्हतं.

भैयांनी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. मी सांगायला लागले.

एकोणीस वर्षांचे होते आजोबा. नागपूरहून ऑफिसाबरोबर आले, तेव्हा फायलींचे गठ्ठेही बरोबर आले होते, लाल फडक्यात बांधलेले. त्यांवर मराठीत लिहिलेलं, इथल्या शिपायांना वाचता येईना. सहा महिने आजोबा जमिनीवर बसून गठ्ठे लावत होते. संध्याकाळी खोलीवर येऊन रडायचे. त्याआधी, पहिल्या महिन्याचा पगार हातात आला तसं त्यांनी नागपूरचं तिकीट काढलं, नोकरी सोडून परत जाण्यासाठी. कुणाला सांगितलं नाही. ट्रंक घेऊन स्टेशनवर गेले. गाडीला उशीर होता. खोलीतल्या जोडीदाराला सकाळी ताप होता, त्याच्या उशाशी पाणी ठेवलंय की नाही, ते त्यांना बाकावर बसल्या बसल्या आठवेना. म्हणून बघायला परत गेले. ताप चढलेला होता. गाडी गेली. आणि मग आजोबा म्हणाले होते, "हे मी किशोरच्या आईला पण नाही सांगितलं कधी. तिला वाटायचं, मला भोपाळ आवडलं म्हणून राहिलो."

"जोडीदार कोण?" भैयांनी विचारलं.

"नाव सांगितलं होतं त्यांनी. मला आठवत नाही, भैया. मी खूप आठवून बघितलं."

भैया दुकानाच्या बाहेर बघत होते. "सक्सेना अंकल," ते म्हणाले. "दर दिवाळीला यायचे आमच्याकडे. बाबा दारातच म्हणायचे त्यांना, तेरी वजह से फँसा हूँ यहाँ. दर वर्षी. आम्ही पोरं हसायचो, अंकल पण हसायचे. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कशावरून ते."

एक मुलगी ग्राफच्या कागदांसाठी आली. भैयांनी तिला कागद दिले, ती गेली. मग त्यांनी बहिणीला नागपूरला फोन लावला, स्पीकरवर टाकून मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "ताई, ऐक. बाबांचं आहे." आणि मला, "फिरसे सांग. गठ्ठ्यांपासून."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि कुणीतरी गॅस बंद केला. मी पुन्हा सांगितलं, गठ्ठ्यांपासून. या वेळी जोडीदाराचं नाव घालून.